रांगेतली पाचवी जागा

पुढे लिहिलेल्या हकिकतीत मी एकही शब्द पदरचा घातलेला नाही.

भुताची गोष्ट म्हटली की वाचक मध्यरात्रीची वाट पाहतो. माझा नाइलाज आहे. ही घटना रविवारी, २० जानेवारी १९६३ रोजी, दुपारी चारच्या सुमारास, भिलाईतल्या पत्र्याच्या एका सभागृहात, एकशे चाळीस माणसांदेखत घडली. बाहेर लख्ख ऊन होते.

ज्यांना ती खोटी वाटते त्यांच्याशी मी चाळीस वर्षे वाद घालत आलो आहे. आणखी एकदा घालायला माझी हरकत नाही.

माझे नाव शामराव. वडील दुर्ग स्टेशनवर गार्ड होते. मी पोलाद कारखान्याच्या नकाशाघरात ट्रेसर. त्या वर्षी वसाहतीतल्या तरुणांनी लघुचित्रपटांचा मेळावा भरवला. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन तंत्रज्ञाने चावीचा एक कॅमेरा मागे ठेवला होता. तो आळीपाळीने वापरून सात गटांनी सात मूकपट तयार केले. मी मेळाव्याचा चिटणीस होतो. नियम मी लिहिले होते आणि पडद्यावरच्या पाट्याही मीच लिहीत होतो.

सहावा चित्रपट तेजरामचा होता.

तेजराम बावीस वर्षांचा फिटर, मूळचा गोंदियाकडचा. त्याच्यासाठी मी लिहिलेली पहिली पाटी बावीस शब्दांची झाली, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, लोकं पाटी वाचून राहतीन अन् आमची रीळ संपून जाईन." मी ती एकोणीस शब्दांवर आणली. त्याहून कमी करणे मला मान्य नव्हते.

त्याचा विषय मात्र विनोदाचा नव्हता.

तेजरामचा थोरला भाऊ लहानू १९५७ च्या मे महिन्यात एका ठेकेदाराकडे पाया भरण्याच्या कामावर होता. काँक्रीट मिक्सरपासून खड्ड्यापर्यंत माणसांच्या रांगेतून हातोहात जाई. त्या कामाची एक रीत होती. घमेले पुढे करणाऱ्याने म्हणायचे, "धर." घेणाऱ्याने ते नीट पकडले की म्हणायचे, "सोड." तो शब्द कानी पडेपर्यंत देणाऱ्याने हात काढायचा नाही. धुळीत नि मिक्सरच्या आवाजात शेजारचा माणूस दिसेलच असे नसे. भरवसा त्या एका शब्दावर होता.

लहानूची जागा पाचवी. खड्ड्याच्या अगदी काठावर; तिथून पुढची रांग काठाकाठाने वळत होती.

त्या दुपारी चौथ्या जागेवरच्या केवलरामने "धर" म्हटले...

त्यानंतर लहानू कोणाला दिसला नाही.

भरणी एकदा सुरू झाली की थांबवत नाहीत. ती तीस तास चालली. खड्डा अठरा फूट खोल होता. ठेकेदाराने कागदावर लिहिले : न सांगता काम सोडून गेला. केवलरामने त्याखाली अंगठा उठवला; लहानू "सोड" म्हणाला, घमेले पुढे दिले आणि पाणी प्यायला म्हणून निघून गेला, असे त्याने सांगितले.

लहानूची बायको रंभा त्या दिवशी मिक्सरपाशी घमेली भरत होती. "धर ऐकू आलं. सोड नाही आलं," एवढेच ती सांगत राहिली. लोक हसले. गावाकडे बोलवा झाली की लहानू दुसरी बाई घेऊन रायपूरला राहतो. सहा वर्षे ती ना सवाशीण ना विधवा अशी, कुंकू लावून आणि टोमणे खात रेजाचे, म्हणजे मजूरबाईचे, काम करीत होती. तिला भरपाई नको होती. तिचा नवरा पळाला नाही, तो आपल्या जागेवर होता, हे चार माणसांत कोणीतरी म्हणावे, एवढीच तिची मागणी होती.

तेजरामचा चित्रपट त्यासाठी होता.

मेळाव्याआधीच्या नऊ डिसेंबरच्या रविवारी, सकाळी अकरा वाजता, त्याने जुन्या टोळीतली माणसे गोळा करून एका नव्या खड्ड्याशी तशीच रांग लावली. कॅमेऱ्यात येणार म्हणून केवलराम दाढी करून आला होता. आपल्या शेजारची पाचवी जागा रिकामी ठेवली आहे, हे पाहिल्यावर त्याचा चेहरा उतरला. पण सगळे पाहत होते. जाणार कुठे?

रिकामी घमेली फिरली. केवलरामने "धर" म्हणायचे, घमेले पुढे धरायचे आणि तसेच उभे राहायचे, हा चित्रपटाचा शेवट होता. तो तसाच उभा राहिला. चावी संपेपर्यंत.

आता शंकेखोरांनी लक्ष द्यावे.

रीळ मुंबईहून धुऊन आले तेव्हा मी ते भिंगाखाली तपासले. शंभर फूट. सुमारे चार हजार चौकटी. सहा संध्याकाळी लागल्या. एकाच फितीवर दोनदा चित्रण झाले असावे, हा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. तसे कोठेही नव्हते. शेवटच्या चौकटीत केवलराम उभा होता, घमेले त्याच्या दोन्ही हातांत होते आणि पुढची जागा मोकळी होती. तशी नोंद मी वहीत केली.

मेळाव्याच्या अध्यक्षस्थानी तोच ठेकेदार होता. विजेत्यांची ढाल त्याने दिली होती. हे मला ठाऊक होते आणि तेजरामलाही. आम्ही कार्यक्रम बदलला नाही.

खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. पडदा म्हणजे ताणलेली पांढरी चादर. अध्यक्ष पहिल्या रांगेत, केवलराम तिसऱ्या, रंभा मागे बायकांत. तेजराम प्रोजेक्टरपाशी. मी हातात घड्याळ घेऊन त्याच्या शेजारी.

तीन वाजून चौपन्न मिनिटांनी चित्रपट सुरू झाला. या रिळाला दोन मिनिटे सेहेचाळीस सेकंद लागतात. मी तीनदा मोजले होते.

पाटी आली. लोकांनी ती वाचून पूर्ण केली. रांग दिसली. घमेली एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागली. यंत्राची टरटर चालू होती.

केवलरामने घमेले पुढे धरले. त्याचे ओठ हलले. धर.

आणि टरटर थांबली...

चित्र थांबले नाही.

एकशे चाळीस माणसांत कोणी खोकलेदेखील नाही.

त्या शांततेत, चादरीच्या दिशेने, घसा कोरडा पडलेल्या माणसाचा आवाज आला...

"सोड."

मूकपट होता, याची मी पुन्हा आठवण करून देतो.

चादरीवर केवलरामचे हात उघडले. घमेले त्याच्या हातून सुटले. ते पडले नाही.

रिकाम्या जागेवर, छातीच्या उंचीला, ते क्षणभर थांबले. मग सहाव्या माणसाकडे गेले. मागून दुसरे आले. तिसरे आले. दरवेळी तोच शब्द, त्याच कोरड्या गळ्याने. आता घमेली रिकामी नव्हती. त्यांतून ओले काँक्रीट ठिबकत होते.

मी घड्याळ पाहिले. पाच मिनिटे झाली होती.

मी टॉर्च लावून यंत्राकडे पाहिले. वरची चकरी रिकामी होती. फीत संपून खाली गुंडाळली गेली होती. दिवा विझलेला होता. तरी चादरीवर रांग चालूच...

अध्यक्ष उठले. अंधारात त्यांचा आवाज चिरका लागला.

"मशीन बंद कर."

"कवाचीच बंद केली, साहेब," तेजराम म्हणाला.

कोणीतरी दार उघडले. उन्हाचा पट्टा थेट चादरीवर पडला. उन्हात चित्र पुसट व्हायला हवे होते. ते झाले नाही.

अध्यक्ष माझ्याकडे वळले आणि त्यांनी फर्मावले की चित्रपट तीन मिनिटांहून लांबला आहे, तो स्पर्धेतून बाद करा, चादर उतरवा. पण नियम माझे होते.

मी म्हणालो, "नियम सहावा असा आहे की, लांबी शंभर फुटांहून अधिक नसावी. रीळ शंभर फूटच आहे. मिनिटांचा उल्लेख नियमांत नाही. चादर उतरणार नाही."

सात मिनिटे झाली.

तिसऱ्या रांगेत केवलराम उभा राहिला. चादरीवरचा केवलराम घमेले पुढे करीत होता आणि इथला दोन्ही हात पुढे करून, तळवे वर, तसाच उभा होता. मागे वळून तो बायकांच्या दिशेने बोलू लागला.

"वयनी, मले सोड आयकू नाही आलं होतं. मुकादम मांगून ओरडून राहिला होता. म्या सोडून देल्लं. घमेलं खाली गेलं... त्याच्या आंदीच तो खाली गेला होता. म्या पायलं. मंग या ठेकेदार सायबायनं सांगितलं, अंगठा लाव."

रंभा उभी राहिली. ती रडत नव्हती.

"मले माहीत हाय. सहा वर्सापासून माहीत हाय. माह्याकडं तोंड करून कायले सांगतं? तिकडं पाहून सांग."

केवलराम वळला. अध्यक्षांकडे पाहून त्याने तेच सगळे पुन्हा सांगितले. या वेळी आवाज मोठा होता.

त्याचे शेवटचे वाक्य संपले तेव्हा चादरीवरचे घमेले पुढे गेले, आणि त्यामागून दुसरे आले नाही. चादर पांढरी झाली.

मग यंत्राची टरटर परत सुरू झाली. सुटलेल्या फितीचे टोक चकरीवर फट् फट् आपटत होते. यंत्राचे बटण बंद होते. तेजरामने हाताने चकरी धरून ठेवली, तेव्हा ती थांबली.

रंभा माझ्यासमोर आली.

"भाऊ, तुमी मेळाव्याचं लिवता ना? मंग लिवा."

मी लिहिले. ते वाक्य मला आजही पाठ आहे : "लहानू हा दिनांक नमूद नसलेल्या त्या दिवशी, भरणी चालू असताना, रांगेत पाचव्या स्थानी, आपल्या जागेवर हजर होता आणि तेथून तो कोठेही गेला नाही, हे केवलराम याने सर्वांसमक्ष सांगितले." अध्यक्षांनी ते खोडायला सांगितले. मी म्हणालो की, वाक्यात एक जरी चूक दाखवलीत तरी खोडतो. ते ढाल काखेत मारून निघून गेले. त्या वर्षी पारितोषिक कोणालाच मिळाले नाही.

नकाशाघरात मला बोलावून समज देण्यात आली. मी ते इतिवृत्त आणखी तीनदा सुवाच्य अक्षरात उतरवून काढले. एक प्रत रंभाला दिली.

ती घेऊन ती गावी गेली. सहा वर्षांनी तिने नवऱ्याची तेरवी केली. ज्यांनी नावे ठेवली होती त्यांना आग्रहाने बोलावून पहिल्या पंगतीत बसवले, स्वतः वाढले आणि पान वाढण्याआधी प्रत्येकाला माझे वाक्य वाचून दाखवायला लावले. तेजराम सांगत होता की, वाक्य लांब असल्यामुळे वरण थंड झाले. कोणी तक्रार केली नाही.

येथे गोष्ट संपायला हवी होती.

दुसऱ्याच दिवशी मी ते रीळ पुन्हा भिंगाखाली घेतले. शंभर फूट. कोठे तोडजोड नाही. सगळे जसेच्या तसे. फक्त शेवटच्या चौकटीत केवलरामचे हात रिकामे होते. घमेले नव्हते. माझ्या वहीतली जुनी नोंद मी ताडून पाहिली. माझी नोंद चुकत नाही.

प्रकाशाचा दोष, रसायनाचा दोष, माझ्या डोळ्यांचा दोष. सगळी उत्तरे मी ऐकली आहेत. त्यांपैकी एकही विझलेल्या दिव्याचे उत्तर देत नाही.

गेल्या पावसाळ्यात तेजराम वारला. त्याच्या आठ दिवस आधी त्याने मला दुर्गजवळच्या बोरसीच्या घरी बोलावले. सकाळची वेळ होती. सून आत चहा करीत होती. खोलीत आम्ही दोघेच होतो. त्याने उशाखालून रिळाचा पत्र्याचा डबा काढला. डबा माझ्यापुढे करून तो म्हणाला, "धर, भाऊ."

मी डबा पकडला. जुन्या रीतीप्रमाणे उत्तर द्यायला तोंड उघडणार...

"सोड."

तेजरामने हात काढला. उशीवर मान टेकून त्याने डोळे मिटले. त्याला वाटले, मी बोललो.

मी बोललो नव्हतो.

डबा आता दुर्गच्या पद्मनाभपुरात, माझ्या घरी, टेबलावर आहे. ज्याला शंका असेल त्याने यावे; दिवसाढवळ्या, दोन साक्षीदार घेऊन यावे. मी डबा पुढे करीन, रीतीप्रमाणे "धर" म्हणेन आणि उत्तर ऐकू येईपर्यंत हात काढणार नाही.

ते उत्तर तुमच्याच तोंडून येईल, एवढी हमी मात्र मला देता येत नाही.