बाबांच्या खोलीतलं कपाट

दार लोटून घ्या. कडी नको, नुसतं लोटा. आणि मध्येच "काका, थापा मारू नका" असं म्हणायचं नाही. ज्याच्या घरात हे घडलं तो माणूस माझ्या दुकानात, माझ्यासमोर स्टुलावर बसून लहान पोरासारखा रडलाय.

माझं हार्डवेअरचं दुकान तुम्हाला माहीतच आहे. गेल्या थंडीच्या सुरुवातीला एक चष्मेवाला स्क्रू घ्यायला आला. पलीकडच्या गल्लीत चष्मे विकायचा. बायको नर्स, तिला बहुतेक रात्रपाळी. दोघांनी नुकतंच एक जुनं घर भाड्यानं घेतलं होतं. मालक म्हणाला होता, डागडुजी तुमची तुम्ही करा. याला त्याचाच हुरूप. मिस्त्री कशाला, मोबाइलवर बघून सगळं येतं.

"आधी स्वयंपाकघरात फळी लावतो," मला म्हणाला. "मग हॉलला रंग. मग आमच्या बाबांची खोली."

बाबा म्हणजे त्याचे वडील. जन्मभर शिंपीकाम केलेले, आता म्हातारपणी गावी एकटेच. त्यांना कायमचं आणायचं होतं, म्हणून तर हे घर घेतलेलं. मी ब्रॅकेट दिले, स्क्रू दिले, म्हटलं, "लेव्हल बघून लाव रे बाबा."

त्यानं लावली. आणि सगळ्या गल्लीची नजर सुधारणाऱ्याची स्वतःची फळी तिरकी! बायको ड्यूटीला निघता निघता म्हणाली, "अहो, यावर डबे नका ठेवू. घसरगुंडी खेळतील." हा फुगला आणि झोपला.

सकाळी फळी सरळ. वाटीभर पाणी ठेवलं असतं तर हललं नसतं, अशी सरळ. त्याला वाटलं, बायकोनं पहाटे घरी आल्यावर आपली लाज राखायला गुपचूप नीट केली. तिला वाटलं, टोमणा झोंबला म्हणून यानंच रात्री जागून केली. तो लाजेपोटी बोलला नाही, ती त्याचं मन राखायला बोलली नाही. झाकली मूठ.

मग ते रोजचंच झालं. हॉलच्या भिंतीला यानं रंगाचा एक हात द्यावा, सकाळी बघावं तर दुसरा हात दिलेला. कानाकोपऱ्यासकट, आणि खाली एक थेंब सांडलेला नाही. न्हाणीघरातली डुगडुगणारी फरशी आपोआप घट्ट बसली. तिला वाटायचं, नवरा किती सुधारला. त्याला वाटायचं, रात्रभर पेशंटांची उस्तवार करून बिचारी आपल्या घरासाठी एवढं खपते. माझ्याकडे येऊन बायकोचं कौतुक सांगत बसायचा. मीही ऐकायचो. मला काय माहीत?

मग बाबा आले.

त्यांच्या खोलीत एक उथळ कोनाडा होता. जुनं बांधकाम, भिंत चांगली दीड हात जाड. चष्मेवाल्याच्या मनात होतं, थोड्या विटा काढून तो खोल करायचा, फळ्या टाकायच्या, म्हणजे बाबांच्या कपड्यांना आणि औषधांना कपाट होईल. माझ्याकडून छिन्नी नेली. चारपाच विटा काढल्या, तोवर धुरळ्यानं बाबांना खोकला लागला. काम तिथंच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानातून येऊन बघतो तर कोनाडा थेट जमिनीपर्यंत आलेला. काढलेल्या विटा बाजूला नीट रचून ठेवलेल्या.

"बाबा, पहाटे ठोकाठोकीचा त्रास नाही ना झाला?"

"छे रे," बाबा म्हणाले. "हलक्या हाताचं माणूस आहे. झोपसुद्धा मोडली नाही माझी."

सुनेबद्दलच बोलताहेत, असं हा समजला. पण कोनाडा बघून जरा चरकला. फळ्या टेकवायला खाचा नव्हत्या. रुंदीला कपडेही मावले नसते. नुसता उंच, अरुंद, आणि आतून हात फिरवून गुळगुळीत केलेला. तिला विचारू, म्हणाला. राहून गेलं.

शुक्रवारची रात्र. एक वाजून गेलेला. बाहेर कुत्रंही भुंकत नव्हतं. चष्मेवाल्याला अर्धवट जाग आली ती आवाजानं.

खर्र... थप.

गवंडी थापीनं माल उचलतो आणि विटेवर मारतो ना, तसा. घाई नाही. एका लयीत.

खर्र... थप.

झोपेतच तो पुटपुटला, "अगं, पुरे आता. सकाळी कर."

"काय करू?"

आवाज शेजारून आला. अगदी कानाजवळून.

त्याचे डोळे टक्क उघडले. बायको शेजारीच झोपली होती.

"तू... इथं?"

"आज सुट्टी नाही का माझी? अहो, मला वाटलं तुम्हीच उठून..."



खर्र... थप.

"फळी तू सरळ केलीस ना?" त्यानं हळूच विचारलं.

ती उठून बसली.

"आणि रंग?"

अंधारात तिनं त्याचं मनगट धरलं.   नुसती धरून राहिली...

मग दोघांना एकदमच आठवलं.

बाबा.

पळाले. दार लोटलेलं. दिवा लावला. आवाज थांबला. पलंग रिकामा. पांघरुणाची घडी घातलेली.

बाबा कोनाड्यात उभे होते.

ताठ. डोळे मिटलेले. हात अंगाशी. कोनाडा त्यांना असा बसला होता, जसा बेतून शिवलेला सदरा. इकडे बोटभर जागा नाही. तिकडे नाही. आणि त्यांच्यापुढे विटा. पायांपासून छातीपर्यंत. थरावर थर. सांधे ओले.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. थापी नव्हती. घमेलं नव्हतं. अरे, त्या घरात सिमेंटच नव्हतं! त्यानं माझ्याकडून मूठभरही नेलं नव्हतं.

नर्स म्हणून तीच आधी भानावर आली. उघड्या हातांनी विटा ओढायला लागली. नखं तुटली. दोघांनी मिळून बाबांना बाहेर ओढलं, खाली निजवलं. नाडी चालू होती. मंद... पण चालू होती. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. भ्यालेले नव्हते. उलट, चेहरा समाधानी.

"झालं का रे काम?"

"बाबा, तुम्ही तिथं कशाला उभे राहिलात?"

"तो म्हणाला, माप बघू, जरा उभे राहा." बाबा हसले. "जन्मभर मी लोकांची मापं घेतली. माझं कधी कोणी घेतलं नव्हतं. इतकं बरोबर घेतलं रे त्यानं..."

"कोण, बाबा? कोण म्हणाला?"

बाबांनी मुलाच्या खांद्यावरून मागं बघितलं. कोनाड्याकडे. बघत राहिले...



अंगावरच्या कपड्यांनिशी तिघं बाहेर पडले. हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये तिच्या मैत्रिणीकडे गेले, ते पुन्हा त्या घराची पायरी चढले नाहीत. बाबा आहेत अजून. धडधाकट आहेत. फक्त पलंगावर झोप लागत नाही म्हणतात. फार ऐसपैस वाटतं.

मी चौकशी केली. त्या घरात कोणी गवंडी राहिलेला नव्हता. कोणी मेलेलं नव्हतं. मालकानं शपथेवर सांगितलं.

तोच मालक पुढं माझ्याकडे आला. म्हणाला, त्या पोरानं भिंत किती फोडलीय, चला, जरा अंदाज द्या. महिना उलटला होता, घराला कुलूप होतं. आम्ही उघडलं. बाबांच्या खोलीत गेलो. पलंग तसाच. पांघरुणाची घडी तशीच.

कोनाडा नव्हता.

विटेचा तुकडा नाही. धुरळा नाही. वरपासून खालपर्यंत सलग भिंत, सुरेख गिलावा केलेली. मालक माझ्या तोंडाकडे बघायला लागला. "कुठं फोडलीय?"

मी सवयीनं हात लावला. वाळलाय का बघायला.

वाळला होता. चांगला महिनाभर आधीचा असावा तसा. बाहेर कडाक्याची थंडी. बाजूच्या भिंतींना हात लावला, दगडासारख्या गार. पुन्हा या भिंतीला लावला...

कोमट होती. झोपलेल्या माणसाच्या पाठीसारखी.