सर्वरच्या खोलीतली खंडेनवमी

गेल्या खंडेनवमीला दिवसभर ऊन चटके देत होतं आणि सांजच्याला वारा असा पडला, की लिंबाचं पानसुद्धा हलेना. पोरांनो, ही काय ऐकीव गोष्ट न्हाय. आपल्या बाळे गावात, आपल्याच गल्लीत राहतो, त्या सिद्धारामची हाय.

चिंचोळीच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात तो कॉम्प्युटर बघतो. आधी ते काम चन्नवीरकडं होतं, सिद्धाराम त्याच्या हाताखाली. चन्नवीर श्रावणात तापानं गेला. खुर्ची सिद्धारामला मिळाली, पण मालकाच्या तोंडी नाव चन्नवीरचंच. जरा काही अडलं, की "चन्नवीर असता तर..." सिद्धाराम आतल्या आत जळायचा. जित्या माणसाशी भांडता येतं. मेलेल्याशी कसं भांडायचं?

सर्वरमध्ये चार डिस्का, खणात सरकवलेल्या. टॉवेलची सगळी डिझाइनं चौघींत वाटून ठेवलेली. एक बिघडली तर तिघी सांभाळून नेतात, दोन गेल्या की सगळं गेलं. चन्नवीर रोज विभूती लावून यायचा, त्यामुळं चारी डिस्कांवर त्याच्या बोटांचे पांढरे ठसे राहिलेले.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रमागापासून पान्यापर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं. सिद्धारामनं सर्वर बंद केला, डिस्का बाहेर काढल्या आणि ओल्या फडक्यानं ते ठसे घासघासून पुसले. वर स्वतःच्या हातानं कुंकू लावलं, नारळ फोडला, डिस्का परत आत घातल्या. आता कुठं त्याला खोली आपली वाटली.

सर्वर चालू केला. दोनच डिस्का दिसल्या. बाकीच्या दोन जणू नव्हत्याच.

मालकानं फोनवर ऐकून घेतलं. सकाळपर्यंत डिझाइनं मिळाली नाहीत तर दुसरा माणूस बघतो म्हणाला. ठेवता ठेवता म्हणालाच, "चन्नवीर असता तर..."

सगळे घरी गेले. सिद्धाराम एकटाच राहिला. त्यानं वायर बदलून बघितली. डिस्कच्या जोडणीत कुंकू अडकलं होतं, ते ब्रशनं झाडलं. पुन्हा सरकवली. दिवा लागेना.

पुन्हा काढली. पुन्हा सरकवली.

न्हाय...

कुणाला तरी विचारावं, तर एकच नाव आठवत होतं. तेच त्याला घ्यायचं नव्हतं. शेवटी डिस्क खणाच्या तोंडाशी धरून तो दातओठ खात म्हणाला, "मग कर की तूच."

विभूतीचा वास आला...

पाठीवर हात टेकला. गार. हलकेच पुढं दाबलं. सिद्धारामच्या हातातली डिस्क आत गेली. टक्.

हिरवा दिवा.

मग शेजारच्या खणात... कुणी हात न लावता... टक्.

त्यानं मागं बघितलं न्हाय.

सकाळी मालक खूश. यापुढं चन्नवीरचं नाव काढणार नाही म्हणाला. कुणाची मदत घेतलीस का, असंही विचारलं. सिद्धाराम म्हणाला, "न्हाय. एकट्यानं केलं."

घरी आला तर शेजारच्या नागव्वा दाराला झेंडूचं तोरण बांधत होत्या. त्यांनाही त्यानं छाती काढून तेच सांगितलं आणि कुलूप उघडायला वळला. मागनं नागव्वांचा आवाज आला, बारीक...

"सिद्धाराम, एकट्यानं केलास म्हणतोस... तर पाठीवर हा इबूतीचा पंजा कुणाचा रं?"