अकरा सेकंदांची शांतता

ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. ही गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलीय, अजून घडतेय, आणि ती खोटी ठरली तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल.

रात्र नव्हती. पडका वाडा नव्हता. मंगळवार, दुपारचे सव्वातीन. सातव्या मजल्यावरचं ऑफिस, पांढरेशुभ्र दिवे, चोवीस माणसं कामाला लागलेली.

माझे दाजी, म्हणजे ताईचे मिस्टर, व्हिडिओ गेमच्या कंपनीत आवाज बनवायचे. युद्धाचा गेम होता. त्यात बंदूक सुटली, रणगाडा वळला, विमान डोक्यावरून गेलं, की जे कानावर पडायचं ते सगळं यांचं. ऑफिसात त्यांना कानसेन म्हणायचे. माणूस कानाचा इतका पक्का, की नळ ठिबकला तर बाहेरच्या खोलीतून सांगणार, "वॉशर गेलाय."

ताई चिडवायची, "एवढे कान टवकारून बसू नका, गळून पडतील."

"पडू देऊ नकोस बाई," ते म्हणायचे, "त्यांच्यावरच घर चाललंय."

खरंच होतं ते. कमावणारे ते एकटेच.

तर त्या वर्षी गेममध्ये नवीन विमान घालायचं ठरलं. रडारवर न दिसणारं, स्टेल्थ. तेही साधंसुधं नाही... एकच बनवलेलं. प्रोटोटाइप. चौथ्या उड्डाणात ते वैमानिकासकट पडलं आणि पुढे सगळा प्रकल्पच गुंडाळला.

त्याचा आवाज कुणाकडेच नव्हता. पण दाजींनी पिच्छा पुरवून एक म्हातारे मेकॅनिक गाठले. त्या विमानाचं इंजिन तेच बघायचे. त्यांना एक सवय होती. प्रत्येक उड्डाणाला धावपट्टीच्या कडेला टेपरेकॉर्डर लावायचा, घरी नेऊन ऐकायचं आणि इंजिनातला बिघाड कानाने पकडायचा. शेवटच्या उड्डाणाची कॅसेट त्यांनी जपून ठेवली होती.

म्हाताऱ्याने कॅसेट पुढे केली. पण हातातून सोडेना.

"इंजिनाचा आवाज घ्या, हवा तेवढा घ्या. इंजिन बंद पडल्यावर अकरा सेकंद आहेत... त्यांना हात लावायचा नाही."

"काय आहे त्यात?"

"काही नाही."

"मग?"

"काही नाही म्हणूनच सांगतोय. त्या वैमानिकाचा रेडिओही गेला होता. पडता पडता तो काय बोलला, ते कुणी ऐकलं नाही. ते तसंच राहू दे."

दाजी "बरं" म्हणाले. किती सोपं असतं बघा, "बरं" म्हणणं.

आता या आवाजवाल्या लोकांची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. यांच्या लेखी शांतता म्हणजे रिकामी जागा नव्हे. आवाज नुसता बंद केला, तर ऐकणाऱ्याला वाटतं यंत्र बिघडलं. म्हणून हे शांतताही रेकॉर्ड करून आणतात. बंद खोलीची, मैदानाची, मोकळ्या आभाळाची. आणि हे विमान जवळ आलं की खेळणाऱ्याच्या कानात अचानक शांतता पडायची, असं ठरलं होतं. ती अस्सल हवी होती.

दाजींनी तेरा शांतता लावून बघितल्या. एकही बसेना. सोमवारी संध्याकाळी त्यांनी कॅसेटवरचे ते अकरा सेकंद कापले आणि लावले.

अगदी चपखल बसले.

मंगळवारी सव्वातीनला गेम तपासणारी मुलगी खेळायला बसली. तिला सगळे चष्मिश म्हणायचे. विमान तिच्या मागे लागलं. शांतता पडली. तिने हेडफोन काढला... आणि तशीच बसून राहिली.

"काय गं, काय झालं?" दाजींनी विचारलं.

ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला ओठ हलताना दिसत होते. आवाज नाही.

एसीचा नाही. फोनचा नाही. चोवीस माणसांपैकी कुणाचाच नाही.

अकरा सेकंद.

मग सगळे आवाज भसकन अंगावर आले.

"फालतूपणा करू नका हं कानसेन," ती म्हणाली. हसत होती, पण हेडफोन तिने लांब सरकवला.

"सरक, मी बघतो," दाजी म्हणाले आणि हेडफोन चढवून स्वतः बसले.

विमान मागे लागलं. शांतता पडली. आणि त्या शांततेत... डाव्या कानाला अगदी चिकटून कुणीतरी श्वास घेतला.

रागाचा श्वास. नाकाने ओढलेला.

मग एकच शब्द.

"नऊशे."

बुधवारी सकाळी ताईने मिक्सर लावला. दाजी दारात उभे होते. मिक्सर थरथरताना दिसत होता... आवाज नाही. ताई काहीतरी सांगत होती... आवाज नाही.

"सातशे."

आणि कान असा पिरगाळला गेला, की दाजी गुडघ्यावर बसले. ताईने धावत येऊन बघितलं. पाळीवर दोन बोटांचे लाल ठसे उठले होते.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, कान ठणठणीत आहेत, जरा सुट्टी घ्या.

सुट्टी कसली! शुक्रवारी गेम बाहेर पडायचा होता. गुरुवारी सकाळी दाजींनी ते अकरा सेकंद उडवून टाकले आणि दुसरी शांतता लावली. साहेब आले, डाफरले. "काल मस्त होतं की! आज कशाला उचापती?"

फाईल कुठेच उरली नाही याची दाजींनी तीनदा खात्री केली. मग एकदा विमान चालवून बघितलं.

तीच शांतता पडली.

"पाचशे," आवाज म्हणाला. मग दात खाल्ल्यासारखं, "ऐक ना आता. हौस होती ना?"

दाजींनी तिथूनच मला फोन केला. दुपारी आम्ही दोघं म्हाताऱ्याच्या दारात. त्याने दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

"लावलंत ना ते?"

"चुकलं माझं," दाजींनी हात जोडले. "काढून टाकलंय. आता काय करू, तेवढं सांगा."

"बेचाळीस वर्षं मी ते स्वतः कधी पुरतं ऐकलं नाही. आणि तुम्ही नेऊन खेळण्यात लावलंत?" म्हातारा ओरडला. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "किती झालेत?"

मी दाजींकडे बघितलं. आकड्याबद्दल आम्ही चकार शब्द काढला नव्हता.

"पाचशे," दाजी म्हणाले.

म्हाताऱ्याने दार लावून घेतलं. आतून एक कडी... मग दुसरी. पुष्कळ हाका मारल्या. नाही उघडलं.

जिना उतरताना दाजींनी विचारलं, "पाचशे काय असेल रे?"

"मीटर... उंची," मी बोलून गेलो. आणि दोघंही पायरीवर थांबलो.

शुक्रवारी गेम बाहेर पडला. लोक नुसते वेडे झाले. विमान आलं की छातीत धस्स होतं म्हणे! साहेबांनी केक आणला. दाजींना मध्ये उभं केलं. सगळे टाळ्या वाजवायला लागले, आणि टाळ्यांचा आवाज गेला.

अकरा सेकंद झाले. मिनिट झालं. तास झाला.

आवाज परत आलाच नाही.

तेव्हापासून दाजी ठार बहिरे आहेत. नोकरी गेली. साहेबांनी एक पुष्पगुच्छ पाठवला, तो मी त्याच पावली कचऱ्यात टाकला. डॉक्टर तीन बदलले. तिघंही म्हणतात, कान ठणठणीत आहेत.

ताई सगळं वहीवर लिहून दाखवते. पण एक आवाज त्यांना येतो. दोन-चार दिवसांनी कधीतरी. चारशे... तीनशे वीस... दोनशे साठ... त्यानंतर तो म्हणाला, "आता तू मोज."

आता दाजीच मोजतात.

मी स्वतः बघितलंय. भर दुपारी, जेवणाच्या टेबलाशी. हातातला चमचा खाली पडला. दोन्ही मुठी समोर हवेत आवळल्या, काहीतरी छातीकडे ओढल्यासारख्या. टाचा फरशीत रुतवलेल्या. कपाळावरची शीर तटतटलेली. ताईने मुठी सोडवायला हात घातला, तर तिला असं भिरकावलं की ती कपाटावर आदळली. उभ्या आयुष्यात त्यांनी तिच्याशी आवाजही चढवला नव्हता हो!

"एकशे ऐंशी," दाजींच्या तोंडून आलं. आवाज त्यांचा नव्हता.

माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो, "अरे, यांनी तुझं काय घोडं मारलंय? सोड ना त्यांना!"

मान माझ्याकडे वळली. सावकाश. बहिऱ्या माणसाने माझं बोलणं ऐकलं होतं.

"ऐकणारा हाच भेटला," तो म्हणाला.

काल सत्तर होते. आज सकाळी ताईचा फोन आला. चाळीस म्हणाले.

मी बसमध्ये बसूनच हे लिहितोय. मघाशी फोनवर ताईला धीर देत होतो. म्हटलं, अगं, तुमचं घर तळमजल्यावर आहे, माणूस खुर्चीत बसलेला आहे, पडून पडून पडणार तरी कुठे?



ताई म्हणाली, "खिडक्या लावल्यात. पंखा बंद आहे. मग मोजताना त्यांचे केस सरळ वरती का उडतात रे?"

पोचायला अजून दीड तास आहे.