मागच्या सीटवरचा

दसरा उलटून चार दिवस झाले होते. धमतरीच्या पलीकडच्या मोठ्या धरणावर त्या मोसमातल्या नावा पहिल्यांदाच पाण्यात उतरणार होत्या. देवश्री आणि विहंग रायपूरहून पहाटेच निघाले आणि अभनपूरला चहा घेऊन उजाडता उजाडता काठावर पोचले. नवं राज्य होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, आणि हे कयाकचं खूळ तिकडे नुकतंच आलं होतं.

देवश्रीचं माहेर भोसल्यांच्या वेळेपासून रायपुरातलं. वडील गेल्यावर चौबे कॉलनीतलं त्यांचं घर तिच्याकडे आलं. विहंग रेल्वेत. त्यानं नागपूरची बदली मागून घेतली होती आणि दिवाळीआधी घर बंद करायचं ठरलं होतं. गेले पंधरा दिवस दोघांत धड बोलणं नव्हतं. जायच्या आधी एक दिवस मजेत काढू, म्हणून विहंगनंच हा बेत केला होता.

नावाड्या हरिदासनं त्यांना लाइफ जॅकेटं घातली. दोन माणसांची लांबट कयाक होती; पुढे देवश्री, मागे विहंग.

"बीच में मत जाना दीदी," हरिदास म्हणाला. "टापू देखके लौट आना."

पाणी काठोकाठ भरलं होतं. वर विरळ धुकं, आणि वल्ह्यांचा चुबुक चुबुक आवाज. पुढे बसलेल्याला मागचा माणूस दिसत नाही; त्याचं वल्हं तेवढं ऐकू येतं. अर्ध्या तासात ते टापूला लागले. बेट कसलं, बुडालेल्या टेकडीचा माथा तो.

"पायात गोळा आला यार," विहंग म्हणाला. "दोन मिनिटं उतरतो." चिखलाचा अंदाज घ्यायला वल्हं टेकवत तो उतरला आणि झुडपांमागे दिसेनासा झाला.

देवश्री एका बुडालेल्या पळसाची फांदी धरून बसून राहिली. धुकं जरा दाट झालं. मग कयाक हलली. मागचा भाग खाली दबला, थंडगार पाण्याचे चार थेंब तिच्या मानेवर उडाले.

"बसला?"

"हव."

तिनं फांदी सोडली. मागचं वल्हं संथ चालू लागलं. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच की काय, पंधरा दिवस अडकलेलं तिच्या ओठांवर आलं.

"मी भांडत नाही विहंग. पण मले ते घर सोडवत नाही. रात्री उठून भिंतीले हात लावून येते मी... तुले सांगितलं नाही कधी. कुलूप लावलं ना, तर मी बाहेर नाही, आतच राहीन असं वाटते."

"हव," मागून आलं. अगदी हळू.

तिचे डोळे भरले. आणि मग मनात काहीतरी टोचलं. विहंग इतकं मुकाट ऐकून घेणारा माणूस नव्हे. त्यानं आतापर्यंत दहादा मधेच तोडलं असतं.

काठ उजवीकडे होता. तिनं कयाक वळवायला जोर लावला. वळली नाही. ती सरळ मधल्या पाण्याकडे चालली होती. कुठूनसा चुलीच्या धुराचा वास येऊ लागला.

तेवढ्यात पार मागून, टापूवरून हाक आली.

"देवश्री! अवं, मले सोडून कुठं चालली?"

मागचं वल्हं क्षणभरही थांबलं नाही. चुबुक... चुबुक...

तिनं आपलं वल्हं मांडीवर आडवं घेतलं. मान वळवायची नाही, एवढंच तिला कळत होतं. उडी मारता आली असती, अंगात जॅकेट होतं. पण मग टापूवरच्या विहंगकडे नाव कोण नेणार?

"कोण हाय?"

मागचं वल्हं तसंच पडत राहिलं.

"कुठं... कुठं जायचंय?"

मग तिच्या मानेमागून, ओला श्वास लागावा इतक्या जवळून, आलं—

"घर..."

धरण भरलं तेव्हा इथली गावंच्या गावं खाली गेली, हे रायपुरात कोण जाणत नाही? देवश्रीनं मान न वळवताच सांगितलं.

"पोचवते. मंग मले जाऊ द्या... माहा माणूस तिकडं एकटा हाय."

"हव."

तिनं वल्हं पाण्यात घातलं. दोघांचे हात एका लयीत पडू लागले. धुराचा वास दाट झाला. त्या अथांग पाण्यात कयाकच्या तळाला काहीतरी खरवडलं, बांबूच्या कुंपणासारखं. मागचं वल्हं थांबलं. अगदी तिच्या पायांखालून, पाण्याच्या आतून, दाराची कडी काढल्याचा आवाज आला.

कयाकचा मागचा भाग एकदम वर उचलला गेला. नाव हलकी झाली.

ती टापूला आली तेव्हा विहंग वल्हं हातात घेऊन छातीइतक्या पाण्यात उभा होता. चेहरा पांढराफटक.

"तुझ्यामागं कोणी नव्हतं," तो म्हणाला. "मी पाहिलं, सीट रिकामी होती. पण नाव मागून इतकी दबली होती, देवश्री... इतकी..."

त्यानं नाव ओढून टापूला लावली. ती त्याच्या गळ्यात पडून रडली आणि घराबद्दल जे आधी दुसऱ्याच कोणाला सांगून बसली होती, ते सगळं तिनं त्याला सांगितलं. त्यानं एकदाही तोडलं नाही.

"नाही करत बंद," एवढंच म्हणाला.

काठावर हरिदासनं कयाक वर ओढली आणि आतलं पाणी काढायला आडवी केली. मागच्या सीटखालून भदकन पाणी पडलं आणि पाण्याबरोबर एक जुडी पडली. धानाच्या पिकल्या लोंब्यांची, हातानं विणलेली झालर.

हरिदास खाली वाकला, पण त्यानं हात लावला नाही.

"ये तो दुआरी मं टांगथें दीदी, चिरई मन बर," तो पुटपुटला. घराच्या दारावर लावतात, चिमण्यांसाठी. मग त्यानं काठापलीकडच्या शेतांकडे पाहिलं. "लेकिन अभी तो सब धान हरा है. ये किसके खेत का है?"

शेवटी देवश्रीनं ती उचलली. लोंब्या कोरड्या होत्या. आणि दिवसभर अंगणात वाळत घातल्यासारख्या गरम.