अंगठा पुढच्या बाजूला

रंगारी शिडीवरून पडला तेव्हा खोलीत तो आणि चार भिंती, एवढेच होते. शिडीचे दोन पाय बांधणारी दोरी सुटली आणि गडी उजव्या अंगावर आपटला. खांदा निखळला. तीन आठवडे हात झोळीत होता. झोळी निघाली तर हात छातीच्या वर जायलाच तयार नाही. तेवीस वर्षं छतं रंगवणाऱ्या माणसाला ठेकेदाराने खिडक्यांचे गज रंगवायला ये म्हणून निरोप पाठवला. त्या दिवशी तो जेवला नाही.

फिजिओथेरपीच्या खोलीत शिरताच त्याने आधी भिंत पाहिली. पुट्टी नीट घासलेली नव्हती. थेरपिस्टबाईंनी खांदा पाहिला. वर पाच पिवळट डाग होते. पडल्यावर कुणी धरून उचललं का, असं त्यांनी विचारलं. कुणी नाही, आपले आपणच जिना उतरलो, म्हणाला.

त्याच्या मागे उभं राहून बाईंनी डागांवर बोटं ठेवून पाहिली. जुळेनात. मग त्या समोर आल्या, आणि पाचही जुळले.

"अंगठा पुढच्या बाजूला आहे. धरणारा तुमच्या समोर होता."

"समोर भिंत होती, मॅडम."

बाईंनी विषय बदलला.

व्यायाम सोपा होता. भिंतीकडे तोंड करून बोटं एकेक करत वर चालवायची आणि थांबतील तिथे पेन्सिलीने खूण करायची. भिंतीवर रेघोट्या ओढणं त्याच्या जिवावर यायचं. हात अडला की तो गुपचूप खांदा कानाकडे चढवायचा. "लबाडी नको," बाई टोकायच्या.

घरी टोकणारं कुणी नव्हतं, म्हणून तिथे बिनधास्त लबाडी चालू झाली. तिसऱ्या दिवशी त्याने खांदा चढवला आणि कुणीतरी तो हलकेच खाली दाबला.

"कळलं गं," तो म्हणाला.

"काय कळलं?" बायकोने विचारलं, ते स्वयंपाकघरातून.

भास झाला, म्हणून त्याने सोडून दिलं. ओल दिसली की आधी गळका नळ शोधणारा माणूस तो. पण लबाडी केली की हात यायचा, खांदा सरळ ठेवला की जायचा. थंड, आणि पुट्टीसारखा किंचित खरखरीत. भीती वाटायची, नाही असं नाही. पण बोटं रोज वर सरकत होती, आणि त्याचा आनंद भीतीला पुरून उरत होता. दुसऱ्या महिन्यात खूण करायला बायकोला स्टुलावर चढावं लागलं. या वयात मला माकड केलंत, म्हणून ती कुरकुरली आणि पदराने डोळे पुसत खाली उतरली.

शेवटच्या दिवशी त्याने बाईंना हाताबद्दल सांगून टाकलं. त्या बराच वेळ फाईल चाळत राहिल्या.

"अंगठा?" त्यांनी हळूच विचारलं.

"पुढेच."

बाईंनी फाईलमध्ये 'हात पूर्ण वर जातो' एवढंच लिहिलं.

कामाच्या पहिल्या दिवशी दुपारपर्यंत छत झालं. मग भिंती, फिकट हिरव्या. एकच कोपरा उरला होता. तो शिडीच्या वरच्या पायरीवर उभा होता. हात पूर्ण वर, खांदा जागच्या जागी. लबाडीचं नाव नाही.

तरी हात आला.

या वेळी घट्ट.

मग त्याला आठवलं. त्या दिवशीही पडण्याआधी खांदा असाच आवळला गेला होता. तो झटकून आपण आणखी एक पायरी चढलो होतो.

त्याने ब्रश डब्यावर ठेवला आणि एकेक पायरी उतरला. दोरीची गाठ अर्धी सुटली होती. त्याने ती दोनदा आवळली, पुन्हा चढला आणि कोपरा पुरा केला.

संध्याकाळी बायकोने धुवायला टाकण्यासाठी त्याचा शर्ट उचलला आणि उजेडात धरला.

"अहो, आज कुणी खांद्यावर हात ठेवला होता?"

हिरवा पंजा उमटला होता. चार बोटं मागे, अंगठा पुढे.

"भिंत ओली होती," तो म्हणाला, आणि शर्ट घडी करून कपाटात ठेवला.