मामाच्या गादीला ऊन

फॅन पुन्हा गचकला.

"कोणी काय लावलं रे?" मामा दारातून ओरडला.

"काहीच नाही," माळ्यावरून तिघं भाचरं एकदम म्हणाली.

"मग वीज काय मी खाल्ली?"

मामाचं घर म्हणजे चाकांवरची एक खोली. जेवायला बसलं की आपला गुडघा दुसऱ्याच्या ताटात. दिवे, फॅन, मोटर सगळं छपरावरच्या चार सोलर पाट्यांवर. बॅटरी म्हातारी, तिच्यात फारसं साठत नसे. त्यामुळे दिवसा सगळं थेट उन्हावरच चालायचं. म्हणजे चालायला हवं होतं. रोज भर दुपारी सगळं मरून पडायचं आणि बोलणी खायची भाचरांनी.

आज मामीही वैतागली. "अहो, मला हे उकडणं झेपत नाही. उद्या परत असं झालं, तर पोरांना त्यांच्या घरी सोडा. मी चालले माहेरी."

"ऐकलंत? मोबाईलपायी सुट्टी घालवलीत," मामा म्हणाला.

"मोबाईल तर तू कालच काढून घेतलेस," काडी पुटपुटली. ती सगळ्यात मोठी आणि सगळ्यात बारीक.

मोटर बंद, म्हणून पाणी नळावरून आणायचं. तिघं ओळीत उभी राहिली, बादल्या हातोहात जाऊ लागल्या. मध्ये उभी असलेली धाकटी, छोटी, फतकल मारून बसली. पुढे तिसरा, ढब्बू, रिकाम्या हातांनी उभा.

"एक बसली की सगळं अडलं!" मामा खेकसला.

"सकाळच्या कोवळ्या उन्हात फॅन चालतो आणि रणरणत्या उन्हात बंद," काडी म्हणाली. "हे उलटंच नाही का?"

दुसऱ्या दिवशी तिघं टाकीमागे दबा धरून बसली. घामाने नुसती निथळत होती. जेवण उरकलं आणि मामा खांद्यावर गादी टाकून शिडी चढला. लगेच घरातून मामीचा आवाज आला, "गेला बाई परत!"

तिघंही शिडीवर.

"मामा, हे काय?"

"गादीला ऊन दाखवतोय. ओल धरते ती."

"पाटीवर?"

"एकाच तर पाटीवर. तीन मोकळ्या आहेत. पाव वीज जाईल, जाऊ दे."

"आणि काल छोटी बसली तेव्हा पाऊण पाणी पोचलं का?" काडीने विचारलं. "या पाट्या एकीला एक ओळीत जोडल्यात, तूच दाखवलंस. एक बसली की..."



ढब्बूने गादी ओढली. खाली फॅन घरघरला. छोटीने गादी परत टाकली, फॅन बंद. परत उचलली, चालू. परत टाकली.

"कोण खेळतंय वर?" मामी कडाडली.

"मामा!" तिघं म्हणाली.

मामी शिडीखाली आली. गादी बघितली, नवऱ्याकडे बघितलं. मग पोरांना म्हणाली, "शहाणी रे माझी बाळं. सुट्टी संपेपर्यंत कुणी हलायचं नाही इथून."

"डोकं मामावर गेलंय तुमचं," मामा कसनुसा हसला. "पण गादी वाळवू कुठे?"

"त्याच डोक्यावर," मामी म्हणाली.

आणि पोरं फॅनखाली पाय पसरून पडली, तेव्हा खिडकीतून दिसत होतं: अंगणात भर उन्हात एक गादी उभी, खाली मामाचे दोन पाय.