पायरी नंबर एकशे अठरा

"मोजपट्टी घेऊन येनाऱ्या मानसासंग जास्त बोलू नोको माय," शालूमावशीनं मला बजावलं होतं. "तो जे मोजते ना, ते घेऊनच जाते."

मी हसण्यावारी नेलं. अकोल्याला राहून बी.ए. करून आलेली मुलगी, ती मावशीचं ऐकणार थोडीच! आणि मावशी तरी काय… विंचवापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांपासून जपून राहायला सांगायची. आज मांडीवर दहा महिन्यांची लेक झोपली आहे, एक कान तिच्या श्वासाकडे ठेवून मी हे लिहिते आहे, आणि मला वाटतं, मावशीचं म्हणणं अक्षरन् अक्षर खरं होतं. मी ऐकलं नाही, ते किती बरं झालं!

आमचं गाव चिखलीपासून सात मैलांवर. गावाबाहेर रस्त्याला लागून एक स्टेडियम. खेड्यात स्टेडियम म्हटलं की बाहेरचा माणूस हसतो. पण आमचा मुलूख मध्यप्रदेशात होता तेव्हा इथल्या कापसाच्या जिनिंगच्या मालकानं कुस्त्यांसाठी, धावण्याच्या शर्यतींसाठी ते हौसेनं बांधलं होतं. तीन बाजूंना काळ्या दगडाच्या चौदा-चौदा पायऱ्या, चौथी बाजू दक्षिणेकडे मोकळी. दोन वर्षं खेळ झाले. मग जिनिंग बंद पडलं, मालक निघून गेला आणि आखाड्यात तरवड उगवला. गाव त्याला 'टेडम' म्हणायचं आणि तिकडे ढुंकूनही पाहायचं नाही.

खेळ गेले, दगड राहिले. आणि दगड तापतो, हे सगळ्यांत आधी मनकर्णाबाईच्या ध्यानात आलं.

मनकर्णाबाई आमच्या आळीतली. साठीची, अंगठेबहाद्दर, आवाज असा की नाल्यापलीकडची म्हैस वळून पाहील. शेतात मातीवर मिरची वाळवली की खालून ओल लागते, मिरची पांढरी पडते. तिनं एका पौषात आपली तोडणीची मिरची टेडमच्या पायरीवर पसरली. वरून ऊन, खालून तापलेला दगड… बारा दिवसांत मिरची अशी वाळली की हातात घेतली तर वाजावी. दुसऱ्या वर्षी नऊ घरं आली. पाचव्या वर्षी एकशे सतरा.

भांडणं होऊ नयेत म्हणून मनकर्णाबाईनं नियम घातले. एका घराला पायरीचा एक तुकडा, त्या तुकड्यालाच पायरी म्हणायचं, त्यावर चुन्यानं खूण… कुणाचा पोपट, कुणाची फणी, कुणाचा चांद. पायरीवर पायताण चालणार नाही. आणि मोठा नियम हा, की पायरी लागेल ती बाईच्या नावानं. "बापे बांधावरून भांडतात तेवढं पुरे हाय," ती म्हणायची.

कॉलेज संपवून आले त्या पौषात मी पहिल्यांदा सकाळी टेडमच्या दारातून आत पाहिलं. आणि पाहतच राहिले.

बेचाळीसच्या बेचाळीस पायऱ्या लाल. लाल तरी एक का होता! कालच्या तोडणीचा ओला, चमकता लाल, आठवड्याचा गडद, आणि वरच्या पायऱ्यांवर जुन्या रेशमासारखा काळसर लाल. डोंगराएवढ्या कुणा बाईनं आपलं लुगडं अंगणात वाळत घातलंय, असं वाटलं. मग वारा आला. वाळलेल्या मिरच्यांतलं बी हललं, आणि सगळं टेडम बारीक आवाजात खुळखुळलं. ज्या पायऱ्यांवर कधी माणसं बसून ओरडली असतील, तिथं आता हा आवाज. माझ्या अंगावर काटा आला. मी जाड-जाड पुस्तकं वाचून आले होते, पण इतकं मोठं काही मी पाहिलं नव्हतं. आणि ते ज्यांनी उभं केलं होतं त्यांना सही करता येत नव्हती.

पुढच्या वर्षी, माघात, तो आला.

उंच, सावळा, खाकी टोपी, हातात मोजपट्टी. सरळ बुटासकट मनकर्णाबाईच्या पायरीवर चढला.

"ओ साहेब! पायताण!" मी ओरडले.

तो दचकला. एका पायावर उभं राहून बूट काढायला लागला, तोल गेला, आणि मिरचीत बसला.

"मले वाटलं… स्टेडियम बंद हाय," तो म्हणाला.

"बंदच आहे."

"मग हे काय?"

"मिरची."

"ते दिसते मले."

"दिसते तर काऊन विचारता?" रागावले की माझं कॉलेज गळून पडतं.

तो उत्तर देणार, तेवढ्यात त्याला शिंक आली. मग दुसरी. मग थांबेचना.

"सात," मी म्हणाले.

"तुम्ही… मोजून राह्यल्या?"

"तुम्ही मोजायलाच आलात ना? म्हटलं थोडी मदत करावी."

तो हसला. नाक लाल, डोळे पाण्यानं भरलेले, पँटला मिरची चिकटलेली… आणि तरी ते हसू असं, की मी उगीच सूप उचलून पाखडायला लागले. सुपात काहीच नव्हतं.

त्याचं नाव शालिग्राम उमाळे. हिवरा आश्रमाजवळचा, सरकारी ओव्हरसियर. कशासाठी आला ते त्यानं सांगितलं तेव्हा माझं सूप हातातच राहिलं. टेडम पाडायचं होतं. ओसाड, निरुपयोगी बांधकाम म्हणून त्याचे दगड काढून चिखलीकडच्या एका गोदामाला लावायचे होते. त्यानं दगड मोजून अहवाल द्यायचा, की पुढच्या महिन्यात घण पडणार.

"निरुपयोगी?" मी म्हणाले. "इथं एकशे सतरा घरांची मिरची वाळते!"

"कागदावर इथं कोनी नाई."

"मग कागदावर घ्या."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं मोजपट्टी गुंडाळून खिशात टाकली आणि वही काढली. "सांगा नावं."

चार दिवस लागले. मी त्याला पायरी-पायरीनं नेत होते, तो लिहीत होता. पहिल्याच बाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून सांगितलं, "लिवा, मोतीरामची मंडळी."

"मोतीरामचं नाई, बाई. तुमचं नाव."

ती माझ्याकडे पाहायला लागली. गावात तिला कुणी नावानं हाक मारल्याला तीस वर्षं झाली असतील. "माहं?… सत्यभामा," ती इतक्या हळू म्हणाली, की जणू कुणाची तरी वस्तू उचलते आहे.

त्यानं ते नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. "सत्यभामाबाई. पायरी नंबर तीन. खूण, फणी. बरोबर?"

ती नुसती त्या वहीकडे पाहत राहिली. मीही… वहीकडे नाही, त्याच्या हाताकडे. इतक्या सावकाश, इतक्या आदरानं मी कुणाला कुणाचं नाव लिहिताना पाहिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी यादी संपली.

"एकशे सतरा," तो म्हणाला. "अन् ही कोपऱ्यातली, बिनखुणेची?"

"एकशे अठरा. रिकामी आहे."

"मले लावून घेता येईल?"

"पायरी बाईच्या नावानं लागते."

"मंजे आधी बाई पाह्यजे."

"हो ना. मोठीच अडचण."

"अडचन नाई," तो वहीत मान घालून म्हणाला, "पन बाई जरा रागीट हाय."

मी आकाशाकडे पाहायचं म्हणून पाहिलं. उत्तरेकडून काळं आभाळ चढत होतं. माघात!

"मनकर्णाकाकू! पानी!"

टेडमभर एकच गलका उठला. घमेली, टोपल्या, तरटं, पदर, जे हाताला येईल त्यात मिरची भरायची. पहिले थेंब दगडावर पडले आणि तापलेल्या दगडातून वाफ निघाली. ओव्हरसियर साहेबांनी कोट काढून जमिनीवर अंथरला आणि दोन्ही ओंजळींनी मिरची त्यात ओढायला लागले. वर-खाली, वर-खाली, कुणाची पायरी ते न बघता. पाऊस जेमतेम पाव तास पडला. तेवढ्यात सगळी मिरची दाराशेजारच्या जुन्या व्हरांड्याच्या छपराखाली गेली होती. आणि मग त्यानं कपाळावरचा घाम पुसायला हात वर नेला.

"नका! डोळ्याले हात—"

उशीर झाला होता. तो कळवळून पायरीवर बसला. मी धावले, हात पुढं केला आणि तसाच थांबवला. माझेही हात मिरचीचेच. मावशीचे तसेच, मनकर्णाबाईचे तसेच. शंभरावर बाया उभ्या होत्या, आणि त्याच्या डोळ्याला लावण्याजोगा एकही हात त्या टेडमात नव्हता.

मी पाण्याचा तांब्या दोन्ही मनगटांत धरला, बोटं दूर ठेवून. "तोंड वर करा. डोळे उघडा-मिटा करा… हां, असंच."

पाण्याची धार त्याच्या कपाळावरून वाहत होती. त्याचे डोळे मिटलेले, म्हणून मला तो हवा तेवढा पाहता आला. भिजलेल्या पापण्या, हनुवटीवरचा छोटा व्रण… मी अगदी शेजारी होते, आणि बोटभरही स्पर्श करता येत नव्हता.

"तुमीच ना?" त्यानं मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"कोण पाहिजे होतं?"

"तुमीच," तो म्हणाला. मग बऱ्याच वेळानं, "…तुमीच."

मागून मावशीचा आवाज आला, "माय वो, पोरगा रडून राह्यला! टेडम पाडतीन म्हनून रडून राह्यला बिचारा!" आणि त्या दिवसापासून सगळं गाव त्याला दयाळू म्हणायला लागलं.

संध्याकाळच्या एस.टी.नं तो गेला. त्यानंतर महिनाभर पत्र नाही, निरोप नाही. मी रोज टेडममध्ये जायची आणि घणाचा आवाज येतो का, म्हणून कान देऊन बसायची. खरं सांगायचं तर एस.टी.च्या आवाजाकडेही तो कान असायचा.

फाल्गुनात दवंडी पिटली. पंचायत समितीचे सभापती महादेवराव टेडममध्येच सभा घेणार, अहवाल वाचणार. बाया आपापल्या पायरीशेजारी बसल्या, पुरुष खाली आखाड्यात. तो सभापतींच्या मागं उभा होता. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. पाडायचंच ठरलं असणार, म्हणूनच पाहत नाही…

महादेवरावांनी चष्मा लावला. "सदर बांधकाम ओसाड नसून पूर्ण वापरात आहे. वापर करनाऱ्यांची यादी. पायरी नंबर एक, मनकर्णाबाई…"

एकेक नाव पायऱ्यांवर आपटून परत येत होतं. जिचं नाव येई ती बाई नकळत उभी राही. सत्यभामाबाई उभी राहिली. गीताबाई, आशाबाई, सरस्वतीबाई… पायऱ्या बायांनी भरत चालल्या. मिरचीच्या त्या लाल रांगांत एकशे सतरा बाया आपापल्या नावावर उभ्या होत्या.

"पायरी नंबर एकशे अठरा," महादेवराव वाचत होते. "चंद्रप्रभा शालिग्राम उमाळे."

चंद्रप्रभा मी.

महादेवरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "उमाळे? ही कोन? तुमचं लग्न झालं काय हो, ओव्हरसियर?"

त्याचा चेहरा आमच्या मिरचीला लाजवील असा झाला. "नाई साहेब… ते… कच्च्या वहीत मी उगाच पेन्सिलीनं… टाइप करनाऱ्यानं सगळंच उतरवलं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात मनकर्णाबाईचा आवाज फुटला. "हसता कायले बे? सरकारी कागद हाय. सभापती, हे एक नाव खोडता येते काय?"

"एक नाव खोटं निघालं त यादीच खोटी ठरंल," महादेवराव गंभीरपणे म्हणाले. मिशा मात्र हलत होत्या. "पुन्हा मोजनी, पुन्हा अहवाल. टेडमचं मंग काई सांगता येत नाई. पंजाबराव, पोरगी तुमची. काय म्हनता?"

माझे बाबा आखाड्यात उभे राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली. "मले काऊन विचारता? पायरी बाईच्या नावानं हाय. तिले विचारा."

सगळं टेडम माझ्याकडे वळलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आता तो पाहत होता, टोपी छातीशी धरून, आणि त्याच्या डोळ्यांत पुन्हा पाणी होतं. या वेळी मिरची नव्हती.

मी उभी राहिले. "यादी बरोबर आहे," मी म्हणाले.

पुढचा गलका मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दारातून बाहेर पडताना तो शेजारी येऊन पुटपुटला, "चूक माही होती."

"पेन्सिलीची चूक?"

"शाईनं लिवायची हिंमत नोती."

टेडम राहिलं. वैशाखात आमचं लग्न झालं, त्याच आखाड्यात, मिरची उचलल्यावर. पाहुणे जेवताना शिंकत होते. पुढल्या हंगामात मी माझ्या पायरीवर चुन्यानं मोजपट्टी काढली. पण गोदामाला दगड मिळाले नाहीत, ते वरच्या कुणाला तरी झोंबलं असावं. लेक पोटात असतानाच त्याची बदली जळगाव जामोदला झाली, सातपुड्याच्या पायथ्याशी, तलावाच्या कामावर. का, ते कुणी सांगितलं नाही. तो म्हणतो, "एका अहवालाले एवढं चालते." मी विचारते, पश्चात्ताप होतो का? तो म्हणतो, "तुह्या नावासकट एकशे अठरा नावं हायेत त्यात. कोनतं खोडू?"

दर सोमवारी त्याचं पत्र येतं. काय जेवला, किती माती पडली, डोंगर कसा दिसतो, सगळं लिहितो. गेल्या पत्रात चारच ओळी होत्या. 'थोडी कणकण आहे. काळजी करू नये.' त्यानंतर दोन सोमवार कोरे गेले. लेकीला खोकला आहे, तिला घेऊन तीन गाड्या बदलत जाता येत नाही, आणि तिला टाकून जायचं तर माझा जीव इथंच राहतो.

म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी कुणी या आठवड्यात जळगाव जामोदच्या गाडीत बसणार असेल, तर एवढं करा. तलावाच्या कामावर उमाळे ओव्हरसियर कुठं राहतात ते विचारा. तो म्हणेल, मी ठणठणीत आहे. ऐकू नका. त्याच्या कपाळाला हात लावून पाहा, चुलीत राख गार आहे की गरम तेही पाहा, आणि मला कळवा… जे दिसेल ते, खरं.